दोन मीटर बँडसाठी तीन एलिमेंटची यागी: नळी कापण्यापासून गच्चीवर चढवेपर्यंत

रिपीटर, म्हणजे आपला आवाज उचलून दूरवर पोचवणारं उंचावरचं स्टेशन, नीट ऐकू येतो, पण आपण बोलायला बटण दाबलं की तिकडे नुसती खरखर पोचते. दोन मीटर बँडवर, म्हणजे हॅम किंवा हौशी रेडिओच्या एका पट्ट्यावर, नव्याने आलेल्या बहुतेकांची ही तक्रार असते, आणि त्यावर पहिला विचार येतो तो जास्त वॅटचा रेडिओ घेण्याचा. त्याआधी अँटेना सुधारून बघा. या लेखातली तीन एलिमेंटची, म्हणजे तीन दांड्यांची यागी साध्या डायपोलपेक्षा (मधे केबल जोडलेल्या एकाच दांडीच्या अँटेनापेक्षा) एका दिशेला सुमारे ५ डीबी (डेसिबेल) जास्त देते. म्हणजे हँडीचे, हातातल्या छोट्या रेडिओचे, पाच वॅट त्या दिशेला सोळा वॅटसारखे जातात. शिवाय ऐकण्यातही तेवढाच फायदा होतो, जो नुसते वॅट वाढवून कधीच मिळत नाही.

पण एक हिशेब सुरुवातीलाच मांडलेला बरा. आरजी-५८ ही बारीक केबल १४५ मेगाहर्ट्झला दर शंभर मीटरला साधारण २० डीबी खाते. गच्चीपासून खालच्या खोलीपर्यंत २५ मीटर केबल टाकली, तर ५ डीबी तिथेच गेले. यागीने कमावलं ते केबलने गमावलं, आणि गच्चीवर उन्हात केलेली मेहनत जमा-खर्चात शून्य झाली. नळ्यांची मापं जपणारे लोक केबल, जोड आणि मास्ट (अँटेना धरणारा खांब) यांच्याकडे दुर्लक्ष करतात. यागी फसते ती बहुतेक वेळा तिथेच, म्हणून खाली त्या भागांवर जास्त शब्द खर्च केले आहेत.

काम सुरू करण्याआधी

भारतात दोन मीटर बँड म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. अँटेना कोणीही बांधावी, पण प्रक्षेपण करायला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा हॅम परवाना आणि कॉल साइन (आपल्या स्टेशनचं ओळखनाव) हवंच. परवाना हातात येईपर्यंत ट्यूनिंगचं काम नॅनोव्हीएनएवर, म्हणजे अँटेना तपासायच्या छोट्या मापकावर, करता येतं. गच्ची सोसायटीची असेल तर परवानगी लेखी घ्या. मास्ट उभा राहिल्यावर गळतीचं प्रत्येक खापर त्याच्यावर फुटतं.

यागीचं तत्त्व थोडक्यात असं. केबल जोडलेली असते ती फक्त मधल्या दांडीला, म्हणजे ड्रिव्हन एलिमेंटला. मागची दांडी किंचित लांब, तो रिफ्लेक्टर. पुढची किंचित आखूड, तो डायरेक्टर. या दोघांत ड्रिव्हनच्या लहरींमुळे आपोआप प्रवाह वाहतो, आणि लांबीतल्या फरकामुळे त्याची वेळ अशी जुळते की पुढच्या बाजूला लहरी एकमेकींत मिळतात, मागे एकमेकींना मारतात. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६च्या सुमारास हे मांडलं. बरंचसं काम उदा यांचं, नाव मात्र यागींचं रूढ झालं. दूरदर्शनच्या जमान्यात घराघरावर दिसणारा, माशाच्या काट्यासारखा अँटेना तो हाच.

आता ठरवायचं ते दांड्या उभ्या की आडव्या. एफएम आणि रिपीटर सगळे उभ्या ध्रुवीकरणावर (लहरीचं विद्युत क्षेत्र उभं) चालतात, म्हणून दांड्या उभ्या. लांब पल्ल्याचं एसएसबी, म्हणजे एफएमहून वेगळी बोलण्याची पद्धत, आडव्यावर. समोरचा उभा आणि आपण आडवे असलो तर व्यवहारात २० डीबीपर्यंत फटका बसतो. असा अँटेना असून नसल्यासारखा. नवख्या माणसाचं काम बहुतेक रिपीटरशीच असतं, म्हणून पुढचं सगळं उभ्या दांड्यांसाठी आहे.

डोंगराचंही ध्यानात घ्या. या फ्रिक्वेन्सीच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून त्याला ४.१२ने गुणलं की रेडिओ क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. जमिनीपासून २० मीटरवरच्या अँटेनाला १८ किलोमीटर, तर आसपासच्या मुलखापेक्षा ६०० मीटर उंच डोंगरावरच्या रिपीटरला १०० किलोमीटर. दोन्हींची बेरीज म्हणजे आपला पल्ला. घर आणि रिपीटर यांच्या मधे सह्याद्रीची भिंत असेल तर ही बेरीज लागू पडत नाही आणि यागी ती भिंत फोडूही शकत नाही. अशा वेळी दुसऱ्या एखाद्या सुळक्याकडे रोख धरून परावर्तन मिळतं का ते पाहणं एवढंच उरतं.

सामान

- अल्युमिनियमची नळी, बाहेरचा व्यास अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, भिंतीची जाडी १.२ मिमीच्या आसपास. एकूण सुमारे २.९ मीटर लागते. बारा फुटी एक नळी घेतली की चुकीला जागा राहते.
- बूमसाठी, म्हणजे दांड्या धरणाऱ्या आडव्या कण्यासाठी, एक इंची जाड भिंतीचा यूपीव्हीसी पाण्याचा पाइप, १.२ मीटर. तो आतून भरायला ६०० मिमीचा लाकडी दांडा. झाडूचा दांडा तासून घेतला तरी चालतो.
- हायलम, बॅकेलाइट किंवा ॲक्रिलिकची ६ मिमी जाड पट्टी, १५० × ६० मिमी.
- नायलॉन किंवा फायबरग्लासचा १० मिमी रॉड, १५० मिमी.
- स्टेनलेस स्टीलचे एम-४ बोल्ट, नट, वॉशर आणि स्प्रिंग वॉशर, डझनभर. चार टिन चढवलेले रिंग लग (तारेच्या टोकाला बसणारी धातूची कडी).
- १८ गेज उघडी तांब्याची तार, वीतभर.
- आरजी-५८चा दीड मीटरचा तुकडा, त्याच्या टोकाला एन कनेक्टर. खाली उतरणारी केबल वेगळी. तिच्याबद्दल पुढे.
- ५ मिमी जाडीची १०० × १०० मिमी जीआय प्लेट आणि चार यू-बोल्ट, दोन मास्टच्या मापाचे, दोन बूमच्या.
- सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप (स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप), चांगल्या प्रतीची काळी पीव्हीसी टेप, नळीच्या टोकांना प्लास्टिकची टोपणं.

जुन्या टीव्ही अँटेनाची नळी भंगारात मिळाली तर उत्तम, पण व्हर्नियरने व्यास मोजूनच घ्या. १० मिमीची निघाली तर प्रत्येक दांडी तीन-चार मिमी लांब ठेवावी लागेल, कारण दांडी बारीक झाली की तिची अनुनादी लांबी, म्हणजे ज्या लांबीला ती फ्रिक्वेन्सीशी जुळते ती, वाढते. गंजणारे साधे बोल्ट वापरू नका. कोकणच्या खाऱ्या हवेत ते दोन पावसाळ्यांत नळीला असे चिकटतात की करवतीशिवाय सुटत नाहीत.

मापं

ही १४५ मेगाहर्ट्झसाठी आहेत.

- रिफ्लेक्टर: सलग नळी, १०६३ मिमी
- ड्रिव्हन: दोन तुकडे, प्रत्येकी ४५६ मिमी, मधे २५ मिमी फट
- डायरेक्टर: सलग नळी, ९०२ मिमी
- रिफ्लेक्टर ते ड्रिव्हन: २०५ मिमी
- ड्रिव्हन ते डायरेक्टर: ३२१ मिमी

अंतरं नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंतची. ड्रिव्हनचे तुकडे सुरुवातीला ४६५ मिमीचे कापा. जास्तीची लांबी ट्यूनिंगमध्ये निघून जाईल. कापलेली नळी वाढवता येत नाही, हे करवत हातात घेतल्यावर बरोबर विसरायला होतं. रिफ्लेक्टर आणि डायरेक्टर मात्र नेमक्या मापाला कापायचे आणि नंतर त्यांना हात लावायचा नाही.

स्टीलची पट्टी किंवा टेप वापरा, शिंप्याची कापडी टेप नको, ती ताणली जाते. स्टील टेपचा पुढचा हुक सैल झाला असेल तर १०० मिमीच्या खुणेपासून मोजा आणि शंभर वजा करा. वजा करायचं राहिलं की सगळा अँटेना दहा टक्के बिघडतो. कापल्यावर कडा कानशीने घासून टाका.

बूम

पाइपवर आधी एक सरळ रेषा लागते, नाहीतर दांड्या एकमेकींशी पीळ खाऊन बसतात. पाइप लोखंडी अँगलच्या खोबणीत ठेवा आणि अँगलच्या कडेने पेन्सिल ओढा. मागच्या टोकापासून ६०० मिमीवर रिफ्लेक्टर, तिथून २०५वर ड्रिव्हन, पुढे ३२१वर डायरेक्टर. पुढचं उरलेलं टोक कापून टाका.

रिफ्लेक्टर आणि डायरेक्टरसाठी पाइप आरपार भोकायचा. आधी ३ मिमीचं भोक दोन्ही भिंतींतून सरळ पाडा, मग १२ मिमीचं, आणि शेवटी गोल कानशीने नळी घट्ट बसेल इतकंच वाढवा. नळी मध्यावर आणून पाइपच्या वरून एक छोटा स्टेनलेस स्क्रू नळीत जाऊ द्या. बूम प्लास्टिकचा असल्यामुळे दांडी त्याला टेकली तरी बिघडत नाही. अल्युमिनियमचा बूम घेतला असता तर लांबीत दुरुस्ती करावी लागली असती. पहिल्या अँटेनाला ती कटकट नको.

लाकडी दांडा मागच्या बाजूने आत ठोका. दोन कारणं आहेत. एक म्हणजे यू-बोल्ट आवळला की पोकळ प्लास्टिक चेपतं. दुसरं, एप्रिल-मेच्या उन्हात पाइप मऊ पडून पुढचं टोक खाली झुकतं. उन्हानेच पाइप ठिसूळही होतो, म्हणून शेवटी बाहेरून ऑइल पेंटचा हात द्या. धातूची पूड असलेला चंदेरी रंग नको.

रिफ्लेक्टरच्या मागे अर्धा मीटर मोकळा का सोडला? दांड्या उभ्या आहेत आणि मास्टही उभा लोखंडी आहे. मास्ट जर दांड्यांच्या मधून गेला तर तो चौथा, नको असलेला एलिमेंट होतो आणि सगळा आकृतिबंध विस्कटतो. टीव्हीच्या आडव्या अँटेनाला मधोमध धरलेलं चालायचं, तीच सवय इथे नडते. उभ्या यागीला नेहमी शेपटीला धरायचं.

ड्रिव्हन आणि हेअरपिन

नायलॉनचा रॉड दोन्ही तुकड्यांत सारखा घाला, मधे २५ मिमी उघडा राहू द्या. हा जोड हायलमच्या पट्टीवर लांबीच्या दिशेने ठेवा. प्रत्येक तुकड्यातून दोन एम-४ बोल्ट नळी, रॉड आणि पट्टी यांच्या आरपार न्या. एक बोल्ट नळीच्या आतल्या टोकापासून १० मिमीवर, दुसरा ४५ मिमीवर. आतले दोन बोल्ट हीच केबलची टर्मिनलं. पट्टी बूमला खुणेवर स्क्रूने बसवा, दांडी बूमशी काटकोनात आणि बाकी दोघींना समांतर. ड्रिव्हन बाकी दांड्यांपेक्षा सुमारे ३० मिमी बाजूला बसेल. त्याने काही फरक पडत नाही.

या रचनेत ड्रिव्हनचा रोध रेडिओ आणि केबलच्या ५० ओमपेक्षा बराच कमी येतो. तो वर आणायला हेअरपिन लागते. १३० मिमी तार घ्या, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवा, दोन पायांत सुमारे २० मिमी अंतर. पायांची टोकं एकेका लगला डाखून त्याच दोन टर्मिनलांवर बसवा. यूचा बंद भाग रिफ्लेक्टरच्या बाजूला, बूमला समांतर ठेवा. इथे ड्रिव्हन मुद्दाम किंचित आखूड ठेवलेलं असतं, त्यामुळे ते थोडं कपॅसिटरसारखं वागतं. हेअरपिन ही छोटी कॉइल. दोन्ही मिळून ५० ओम जमवतात.

केबलचा गाभा एका टर्मिनलला, जाळी दुसऱ्याला. कोणतं कुठे याने एकट्या अँटेनाला फरक पडत नाही. सोललेली टोकं मात्र २० मिमीहून लांब नकोत. या फ्रिक्वेन्सीला ५० मिमी मोकळी तार ही स्वतःच एक कॉइल असते, आणि मग हेअरपिन कितीही वाकवा, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते याचं माप, १ म्हणजे उत्तम) खाली येत नाही. तांबं आणि अल्युमिनियम थेट एकमेकांना टेकू देऊ नका. पाणी लागलं की त्यांची बॅटरी होते आणि अल्युमिनियम पांढऱ्या भुकटीत जातं. लग टिन केलेला आणि त्याखाली स्टेनलेस वॉशर, एवढ्याने हे टळतं.

टर्मिनलांच्या मागेच केबलचे चार वेढे घाला, आतला व्यास ५० मिमी, वेढे एकमेकांना चिकटून, टायने बांधून. हा चोक. डायपोल दोन्ही बाजूंनी सारखा, केबल मात्र एकांगी. चोक नसेल तर जाळीच्या बाहेरून प्रवाह वाहतो, केबलच अँटेनाचा भाग बनते, आणि केबल हलवली की मीटरचा काटा हलतो. यापेक्षा लहान वेढे घालू नका, गाभा हळूहळू सरकून जाळीला टेकतो. तिथून केबल बूमला बांधत सरळ मागे, रिफ्लेक्टर ओलांडून मास्टपर्यंत न्या. दांड्यांना समांतर लोंबकळत सोडू नका.

एक गोष्ट सुरुवातीला गोंधळात टाकते. मल्टिमीटर लावला तर गाभा आणि जाळी शॉर्ट दिसतात. हे बरोबर आहे, डीसीसाठी हेअरपिन म्हणजे सरळ तारच. उलट ओपन दिसलं तर हेअरपिन सुटली आहे असं समजा.

ट्यूनिंग

खोलीत, बाल्कनीच्या ग्रिलजवळ किंवा जमिनीवर ठेवून मोजमाप करू नका. अँटेना लाकडी शिडीला किंवा बांबूला शेपटीने बांधा, दांड्या जमिनीपासून आणि कठड्यापासून किमान दोन मीटर दूर, पुढे मोकळं आकाश. मोजणारा माणूस मागे उभा.

नॅनोव्हीएनए १४० ते १५० मेगाहर्ट्झला लावून ओपन, शॉर्ट, लोड हे कॅलिब्रेशन याच रेंजमध्ये करा. रेंज बदलली की कॅलिब्रेशन पुन्हा. मग यागी जोडून एसडब्ल्यूआरची दरी, म्हणजे आलेखातला सगळ्यात खालचा बिंदू, कुठे आहे पाहा. ४६५ मिमीचे तुकडे असल्यामुळे ती १४५च्या खाली, १४२-१४३च्या आसपास सापडेल. दोन्ही टोकांकडून सारखी नळी कापा, एका वेळी ३ मिमीच. तेवढ्याने दरी साधारण एक मेगाहर्ट्झ वर सरकते. एकाच बाजूने कापू नका.

दरी १४५वर आली पण खोल नसेल, तर हेअरपिनचे पाय जवळ किंवा दूर करून पाहा. जवळ केले की कॉइलचा परिणाम कमी होतो, दूर केले की वाढतो. दोन-तीन मिमीने फरक दिसायला लागतो. यामुळे दरी थोडी सरकेलही, तेव्हा पुन्हा एकदा लांबीकडे या. १४४ ते १४६ मध्ये सगळीकडे १.५च्या आत आलं की थांबा. १.५ला परत येणारी शक्ती फक्त ४ टक्के असते. ती वाचवायला अर्धा दिवस घालवण्यात अर्थ नाही.

दरीच सापडत नसेल तर हा क्रम धरा: टर्मिनलवर लग पक्के आहेत का, कनेक्टरमध्ये जाळीचा एखादा केस गाभ्याला टेकला आहे का, हेअरपिनचे दोन्ही पाय दोन वेगळ्या टर्मिनलांवर आहेत का. एसडब्ल्यूआर ठीक पण अँटेना पुढे कमी आणि मागे जास्त ऐकतोय, असं झालं तर रिफ्लेक्टर आणि डायरेक्टर उलट बसले आहेत. हसू नका, हे फार वेळा होतं. लांब दांडी मास्टकडे, आखूड दांडी रिपीटरकडे.

सगळं जमल्यावर टर्मिनलं झाकायला प्लास्टिकची छोटी डबी बसवा, विजेच्या फिटिंगची मिळते ती. अँटेना उभा झाल्यावर डबीची जी बाजू खाली येईल तिथे ३ मिमीचं भोक ठेवा. पूर्ण बंद डबीत रात्रीच्या गारठ्याने दव धरतं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. नळ्यांच्या वरच्या टोकांना टोपणं लावा. वाऱ्यात नळी शीळ घालते ती यानेच थांबते, आणि कुंभारीण माशी आत मातीचं घर करत नाही. खालच्या टोपणाला बारीक भोक.

केबल

दर शंभर मीटरला १४५ मेगाहर्ट्झला आरजी-५८ साधारण २० डीबी खाते, आरजी-२१३ सुमारे ९, एलएमआर-४०० जातीची सुमारे ५. म्हणजे २५ मीटरला अनुक्रमे ५, सव्वादोन आणि सव्वा डीबी. रेडिओतून २५ वॅट सोडले तर पहिल्या केबलच्या टोकाला ८ पोचतात, शेवटच्या केबलच्या टोकाला १८ ते १९. पैसे कुठे घालायचे असा प्रश्न असेल तर उत्तर केबल हेच आहे. पाच-सहा मीटरच्या आत काम भागत असेल तर मात्र आरजी-५८ खुशाल वापरा. डिश टीव्हीची आरजी-६ घरात पडून असते म्हणून मोह होतो. ती ७५ ओमची आहे, फक्त ऐकण्यासाठी चालून जाईल.

खराब केबल आणखी एक खोड करते. तिच्या दुसऱ्या टोकाला अँटेना तुटून पडला असला, तरी जाऊन परत येईपर्यंत १० डीबी गळून जातात, आणि रेडिओजवळचा मीटर १.९ दाखवतो. मीटर समाधानी, प्रक्षेपण शून्य. म्हणून मोजमाप आधी अँटेनाजवळ करून ते लिहून ठेवायचं.

बाहेरचा जोड एन कनेक्टरचाच ठेवा. पीएल-२५९ हा दुसरा प्रचलित कनेक्टर या फ्रिक्वेन्सीला विजेच्या दृष्टीने चालतो, पण त्याला पाण्याची आडकाठी नाही. पाणी एकदा जाळीत शिरलं की दिव्यातल्या वातीत तेल चढावं तसं मीटरभर आत जातं, आणि तेवढी केबल कापून टाकण्याला पर्याय राहत नाही. जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप दुप्पट ताणून, अर्धी अर्धी चढवत गुंडाळा. सुरुवात खालून आणि शेवट वर, कौलांसारखी, म्हणजे पाणी घडीत न अडकता ओघळतं. त्यावर पीव्हीसी टेप, कारण आतली टेप उन्हाने फाटते. नुसत्या पीव्हीसी टेपवर पावसाळा निघत नाही. खिडकीतून आत जाण्याआधी केबलला खाली झोळ द्या, आणि भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा.

मास्ट

तीन मीटर लांबीचा सव्वा इंची जीआय पाइप पुरेसा. वाऱ्याचा दाब काढायचा तर वेगाचा वर्ग गुणिले ०.६. मुंबईसाठी इमारतींच्या संहितेतला मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे, पुण्यासाठी ३९. मुंबईच्या आकड्याने या अँटेनावर दहा किलोच्या आसपास जोर येतो, आणि गंमत म्हणजे नुसत्या मास्टवर त्याहून जास्त. म्हणून अँटेना हलका आहे म्हणून काहीही धरून चालेल, हे खरं नाही.

जिन्याच्या टोपीची किंवा लिफ्टच्या खोलीची आरसीसी भिंत शोधा. दोन ब्रॅकेट, एकमेकांपासून किमान ६०० मिमी दूर, प्रत्येकी १० मिमीचे अँकर फास्टनर. प्लास्टरमध्ये किंवा पोकळ विटेत फास्टनर धरत नाही, भोक पाडताना लाल भुकटी आली की जागा बदला. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला भोक पाडू नका. प्लंबिंगच्या पाइपला मास्ट बांधणं तर नकोच. वरच्या ब्रॅकेटच्या वर दोन मीटरहून जास्त पाइप जाणार असेल तर तीन दिशांना ताणाचे दोर द्या. यागीची खालची टोकं कठडा, पत्रा, सोलर पॅनल यांच्यापासून दोन मीटर वर राहावीत.

वर-खाली, आजूबाजूला विजेची तार कुठे आहे ते सगळ्यात आधी बघा. मास्ट आणि अँटेना आडवा पडला तर जिथवर पोचेल, त्याच्या दीडपट अंतराच्या आत तार असेल तर ती जागा सोडून द्या. इथे तडजोड नाही. वारा नसलेली सकाळ निवडा, दोघं जण हवेतच, आणि कठड्यावर चढून काम करू नका.

प्लेटवर मास्टचे यू-बोल्ट उभे, बूमचे आडवे. बूम स्वतःभोवती फिरतो आणि महिन्याभराने दांड्या तिरक्या दिसतात, म्हणून प्लेट आणि बूम यांतून एक एम-५ बोल्ट आरपार घाला.

मास्टच्या पायथ्यापासून अर्थिंगपर्यंत जीआय पट्टी किंवा १६ चौरस मिमीची तांब्याची वायर सरळ न्या, कोपरे कमीत कमी. केबल घरात शिरते तिथे लाइटनिंग अरेस्टर, तोही त्याच अर्थला. थेट पडणाऱ्या विजेपुढे हे सगळं अपुरं असतं. वळवाचे ढग जमले, की केबल रेडिओतून काढून खिडकीबाहेर टाका. गडगडाट सुरू झाल्यावर काढायला जाऊ नका.

दिशा लावणं

नकाशावरून रिपीटरचा कोन काढा आणि होकायंत्र मास्टपासून चार पावलं दूर जाऊन वापरा, लोखंडाने ते भरकटतं. महाराष्ट्रात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक जेमतेम अंशभर आहे, तो सोडून द्या. उभ्या धरलेल्या तीन एलिमेंटच्या यागीचा झोत आडव्या पातळीत शंभर अंशांहून रुंद असतो. त्यामुळे वीस अंश इकडे-तिकडे झालं तरी सिग्नलमध्ये कळणार नाही, आणि रोटरशिवाय (अँटेना फिरवणाऱ्या मोटरशिवाय) भागतं. दिशा बारीक लावायची तर पुढचा भाग वापरू नका, पाठ वापरा. पाठीमागची दरी अरुंद आणि खोल असते. सिग्नल सगळ्यात क्षीण होईल तिथवर फिरवा आणि मग अर्धा फेरा उलटा. यासाठी दूरचं, कमकुवत स्टेशन घ्या. जवळच्या रिपीटरवर एफएम रेडिओचा मीटर सगळ्या दिशांना पूर्ण भरलेला दिसतो.

प्रक्षेपण चालू असताना अँटेनाच्या समोर, दोन-तीन मीटरच्या आत कोणी उभं राहू नये. वाळवणाची दोरी तिथे असेल तर दोरी हलवा किंवा मास्ट उंच करा.

शेवटी खाली येऊन केबलच्या टोकाशी दोन आकडे मोजा: १४५ला एसडब्ल्यूआर, आणि मल्टिमीटरवर गाभा ते जाळीचा रोध, जो हेअरपिनमुळे एखाद्या ओमच्या आत येतो. तारखेसकट रेडिओच्या मागे चिकटवून ठेवा. संक्रांतीनंतर दांड्यांत अडकलेला मांजा काढताना, आणि पावसाळा संपल्यावर, हेच दोन आकडे पुन्हा घ्या. रोध वाढला असेल तर डबी उघडून लग बघा. रोध तोच, पण एसडब्ल्यूआर आधीपेक्षा आपोआप चांगला झालेला दिसला, तर केबलमध्ये पाणी शिरलं आहे. वरचा जोड उघडा.